क्रमांक १२७, निनावी

हैदराबाद,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय कुलदीप,

आशीर्वाद आधी घे, रागवायचं नंतर.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या मावशीने ही युक्ती काढली आहे. कागदावर लिहायचं, कागदाचा फोटो काढायचा आणि तुझ्या व्हॉट्सॲपवर सोडून द्यायचा. दोन निळ्या रेघा आल्या की समजायचं, डब्लिनमध्ये पत्र पोचलं. चौतीस वर्षं लायब्ररीत काढली आहेत मी. वाचक उत्तर देत नाही म्हणून पुस्तक देणं थांबवलं असतं, तर कोठी भागातली आपली लायब्ररी केव्हाच बंद पडली असती.

बातमी मोठी आहे! तुझ्या आईची शिष्या मीना आठवते? दोन वेण्यांची, सदा सर्दी झालेली. तिच्याकडे एक कॅसेट सापडली. १९८९ चा गणेशोत्सव, लायब्ररीचा हॉल, आणि तुझ्या आईचं, आमच्या इंदुताईचं गाणं. चाळीस मिनिटांचा भीमपलास! मीनाने ते कॉम्प्युटरवर उतरवून मला पेन ड्राइव्हमध्ये दिलं. मी ऐकलं आणि स्वयंपाकघरातच खाली बसले. असा आवाज होता रे तिचा! आणि विसाव्या मिनिटाला एक पोरगं सुरेख ओरडतं, "आई, शू!" सगळा हॉल हसतो. सहा वर्षांचा होतास तू.

चौदा तारखेला ती पंचाहत्तर पूर्ण करते. त्या दिवशी तिच्या कानात तिचाच आवाज घालायचा, असं मी ठरवलंय. आता तू म्हणशील, मोबाईलवर लाव. नाही चालत. काचबिंदूने डोळे गेले तिचे, आता खिडकीकडे उजेड आहे एवढंच कळतं. त्या गुळगुळीत काचेवर तिचं बोट कुठे थांबणार? तिला येतो तो एकच, २००८ च्या दिवाळीत तू आणलेला निळा प्लेअर. त्याचं ते फिरतं चाक तिच्या अंगठ्याला पाठ आहे. रोज दुपारी तीन वाजता दार लावून बसते. पूर्वी तीनला रियाज असायचा, आता प्लेअर असतो. नियम तोच आहे, तीन वाजता दार वाजवायचं नाही.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. या प्लेअरमध्ये गाणं नुसतं टाकता येत नाही. डब्यात लाडू ठेवावा तसं ते नाही. मध्ये कंपनीचा प्रोग्रॅम बसलाय, आणि तो म्हणतो, एक प्लेअर, एक कॉम्प्युटर, जन्माची गाठ. परक्या कॉम्प्युटरला जोडला तर काय होतं ते मला विचारू नकोस. ऐकीव माहिती आहे माझी. तर त्याचा धर्माचा कॉम्प्युटर म्हणजे तुझा, आतल्या खोलीतला. त्यावरची चादर इंदुताईने आजवर कुणाला उचलू दिलेली नाही. तो सुरू करायला पासवर्ड लागतो.

तेवढा पाठव. एक शब्द. आईशी बोल असं म्हणत नाही मी. बाकी इथे सगळं ठीक आहे.

तुझी,
रंजनामावशी

—

बुधवार, ५ नोव्हेंबर

कुलदीप,

रेघा निळ्या झाल्या, उत्तर नाही. बरं. मग खरं सांगते, कारण बाकी इथे काहीच ठीक नाही.

प्लेअर रिकामा झाला आहे. मी केला.

झालं असं. खालच्या मजल्यावर आमच्या तेलुगू शेजारीण सत्यवतीगारू राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, आणि जोडणी लागत नाही हे वाक्य त्यांना आयुष्यात मान्य नाही. त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे. गेल्या शुक्रवारी इंदुताईला म्हटलं, बॅटरी बदलून आणते, आणि प्लेअर घेऊन खाली गेले. कंपनीचा तो जुना प्रोग्रॅम सत्यवतीगारूंनी कुठून तरी शोधून उतरवला. आम्ही दोघी अशा खूश, जणू चोरी करायला निघालोय!

पण मी लायब्ररीवाली. आधी यादी केली. जुनं कोरं दाखल रजिस्टर काढलं आणि प्लेअरच्या पडद्यावरून एकेक नाव उतरवलं. क्रमांक, गाणं, गायक, मिनिटं. एकशे सव्वीस गाणी. एकशे सत्ताविसाव्याला नाव नव्हतं, नुसते एक्केचाळीस सेकंद. मी लिहिलं, "क्र. १२७, निनावी." आणि पुढे गेले. ऐकलं नाही.

मग प्लेअर जोडला. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली, की हा दुसऱ्या संग्रहाशी जोडलेला आहे, यातलं सगळं काढून या संग्रहातलं भरू का? सत्यवतीगारू म्हणाल्या, "अय्यो रंजनागारू, ये क्या पूछ रा देखो. निकालतूं बोल रा. नक्को दबाओ!"

मी म्हटलं, "अहो, काढल्याशिवाय भरणार कसं?"

कारण आमच्याकडे तसंच असतं रे. दर वर्षी पडताळणीला आम्ही कपाट रिकामं करायचो, फळी पुसायचो आणि रजिस्टर बघून पुस्तकं परत लावायचो. चौतीस वर्षांत एक पुस्तक हरवलं नाही. मला वाटलं, हाही शहाणा माणूस आहे, फळी पुसतोय. यादी तर माझ्या हातात होती. मी ठसक्यात "होय" दाबलं.

फळी पुसली गेली. पुस्तकं आलीच नाहीत. पडद्यावर शून्य.

"मैं बोली थी ना?" सत्यवतीगारू म्हणाल्या, आणि मग माझं तोंड बघून चहा टाकायला उठल्या.

इंदुताईला सांगितलंय, बॅटरी मिळायला वेळ लागतोय. काल तीन वाजता तिने सवयीने उशीखाली हात घातला. मला बघवलं नाही. म्हटलं, "तोवर मोबाईलवर लावते की. कुठलं लावू?"

"एकशे सत्तावीस."

मी म्हटलं, "ते कुठलं गाणं?"

"गाणं नाही," ती म्हणाली. "कुलदीप आहे."

आणि तिने मला ते म्हणून दाखवलं, तुझ्या लयीत, तुझ्या थांब्यांसकट. "आई, मी कुलदीप. मधलं मोठं बटण दाबलं की गाणं सुरू. चाक उजवीकडे फिरवलं की आवाज मोठा. पुढचं गाणं हवं तर कडेचं बटण. काही बिघडलं तर घाबरू नकोस, मी आहे."

सतरा वर्षं झाली. तो प्लेअर कसा चालवायचा हे तिला झोपेतही येतं. तरी ती रोज तुझी गाणी ऐकून झाली की शेवटी जाऊन ते ऐकते. मला माहीत नव्हतं, दार बंद असतं ना. आयुष्यभर पुस्तकांची नावं रजिस्टरात लिहिली मी, आणि हे एक उघडून बघितलं नाही.

पासवर्ड दे रे. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये ते असणारच. आता माझ्यासाठी मागतेय असं समज.

मावशी

—

शनिवार, ८ नोव्हेंबर

कुलदीप!

आला! काल सकाळी सहा वाजता तुझा मेसेज आला. ना नमस्कार, ना नाव. नुसतं "aai3vajta".

मी चष्मा पुसून परत वाचलं. आई तीन वाजता. रागात होतास, सातासमुद्रापार होतास, पण तुझ्या दाराची किल्ली तीच होती. मी यावर काही बोलणार नाही. बोलले तर रडेन, आणि मला काम आहे.

आता ऐक पराक्रम. चादर काढली. बटण दाबलं. काही नाही. कॉम्प्युटरची पेटी उचलून रिक्षात घातली आणि कोठीतल्या जुन्या दुकानदाराकडे नेली. त्याने उघडून आत फुंकर मारली तर दुकानभर धूळ. "अम्मा, इसको म्यूजियम में देना था," म्हणाला. एक भाग बदलला, पंखा साफ केला, आणि संध्याकाळी फोन केला, "आके ले जाओ, सांस ले रा." आम्ही दोघी म्हाताऱ्या रिक्षात पेटी मांडीवर घेऊन आलो.

आतल्या खोलीतून इंदुताईचा आवाज, "काय खुडबुड चाललीय गं?" म्हटलं, "उंदीर." म्हणाली, "उंदीर तेलुगूत बोलतोय?"

पासवर्ड घातला. उघडलं! तुझी गाणी होती तशी ओळीने बसलेली. प्लेअर जोडला तर पुन्हा तीच पाटी, सगळं काढून भरू का? माझं बोट बटणापाशीच अडून बसलं. आता काढायला काय शिल्लक होतं? पण एकदा दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितो माणूस. शेवटी सत्यवतीगारूंनी माझ्या बोटावर बोट ठेवून दाबलं. आणि भरायला लागलं रे! एक, दोन, तीन... मी रजिस्टर घेऊन प्रत्येकापुढे बरोबरची खूण करत होते. पंचवीस झाली, पन्नास झाली, शंभर झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

भीमपलासाला प्रोग्रॅमने आधी नाक मुरडलं. त्याला स्वतःच्याच तऱ्हेची फाइल लागते म्हणे. म्हणजे दुसऱ्या घराण्याचा सूर चालत नाही! मग त्याच्याच पोटात एक बटण सापडलं, ते दाबल्यावर अर्धा तास घेऊन त्याने तो आपल्या घराण्यात घेतला. तोही गेला आत.

एकशे सव्वीस आली. एकशे सत्तावीस नाही.

त्याची ओळ यादीत आहे, पण पुढे उद्गारचिन्ह, आणि प्रोग्रॅम म्हणतो, फाइल सापडत नाही. आम्ही शोधली. पडद्यावर "आई" नावाचं एक पाकीट आहे. ते रिकामं आहे. त्यावरची शेवटची तारीख १५ मार्च २०१७.

म्हणजे भाऊजी, तुझे बाबा, गेल्यावर तू आलास आणि लगेच गेलास, तो दिवस. जायच्या आधी तू ते पुसून टाकलंस. मी दोष देत नाही. भरल्या घरात, चार लोकांत आई म्हणाली होती, "आता कशाला आलास?" असं ऐकून कुणीही काहीतरी फोडलंच असतं. तू एक्केचाळीस सेकंद फोडलेस. पण तिने प्लेअर त्यानंतर कधी त्या कॉम्प्युटरला जोडलाच नाही, म्हणून तिच्या उशाशी ते राहिलं. तू पुसलेलं तिने आठ वर्षं जपलं. मग मी आले, फळी पुसणारी.

आता जगात ते कुठेच नाही. एक माणूस सोडून. ज्याने आधी म्हटलं, तो परत म्हणू शकतो. एक्केचाळीस सेकंद, कुलदीप. चौदा तारीख आहे.

मावशी

—

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कुलदीप,

काल तुझं उत्तर आलं. "तिलाच विचार, कशाला आलास म्हणाली होती. बोलावलं तेव्हा आलो होतो."

या वाक्याला मी आठ वर्षं घाबरून होते. आज लिहितेच, कारण झाकली मूठ आता मला सांभाळवत नाही.

भाऊजींना गुरुवारी संध्याकाळी ॲडमिट केलं. इंदुताई त्यांच्या पायाशी बसली होती. मला म्हणाली, "रंजू, कुलदीपला कळव. लगेच निघ म्हणावं." मी "हो" म्हटलं आणि कळवलं नाही.

दुष्टपणा नव्हता रे. डॉक्टर म्हणाले होते, सोमवारी घरी सोडू. तुझी तिकडची नोकरी नवीन होती. वाटलं, पोराला उगाच कशाला परेशान करायचं, सोमवारी बरं झाल्यावरच सांगू. ताईने शुक्रवारी विचारलं, "कळवलंस?" मी म्हटलं, "हो." शनिवारी विचारलं, "निघाला?" मी म्हटलं, "तिकीट बघतोय." रविवारी पहाटे भाऊजी गेले. मग मी तुला फोन केला. तू मंगळवारी पोचलास, मिळेल त्या विमानाने.

तिच्या हिशोबी तू गुरुवारी कळूनही मंगळवारी आलास. तुझ्या हिशोबी तू दोन दिवसांत आलास, तरी आईने दारातच झिडकारलं. दोघंही आपापल्या जागी खरे. खोटी मी एकटी, आणि मी मध्ये उभी राहून सगळ्यांना चहा देत होते. तू निघालास तेव्हा सांगायला हवं होतं. वाटलं, आठवड्यात निवळेल. मग महिना गेला, मग वर्ष. पुढे सांगायचं म्हणजे तिच्या घरात राहून तिच्यासमोर उभं राहायचं. मी भित्री आहे. लायब्ररीत उशीर झाला म्हणून लोकांना दंड करायची मी.

आज तीन वाजता मी तिचं दार वाजवलं. या घरात पहिल्यांदा.

"कोण मेलंय?" आतून विचारलं तिने.

मी आत जाऊन सगळं सांगितलं. प्लेअरचंही आणि गुरुवारचंही. ती ऐकत होती, चेहरा खिडकीकडे. म्हणाली, "म्हणजे माझा पोरगा वेळेवर आला होता."

मी म्हटलं, "हो ताई."

"आणि मी त्याला..." मग म्हणाली, "जा तू, रंजू. आत्ता जा इथून."

जेवायला उठली नाही. माझ्याशी बोलत नाही. सत्यवतीगारूंनी वर येऊन तिला मुगाच्या डोशासारखा पेसरट्टू भरवला, आणि मला जिन्यात म्हणाल्या, "अच्छा करे. गलत नंबर लगा तो काटना पड़ता, तब दूसरा लगता."

मी माफी मागत नाही, ती तुझ्या मर्जीवर सोडते. पण आईवर राग धरायचा असेल तर आता कारण दुसरं शोध. हे माझं होतं, मी परत घेतलं आहे.

रंजना

—

शनिवार, १५ नोव्हेंबर

माझ्या राजा,

काल पहाटे उठले तर तुझा आवाज येऊन पडलेला. मी वाजवला नाही. शपथ. यावेळी आधी तिने ऐकायचं होतं.

सकाळपासून आमची धावपळ! मोबाईलवरून सत्यवतीगारूंच्या कॉम्प्युटरवर, तिथून पेन ड्राइव्हमध्ये, पेन ड्राइव्ह पदराला बांधून जिना चढून तुझ्या कॉम्प्युटरवर. प्रोग्रॅमने परत नाक मुरडलं, परत घराण्यात घेतलं. आणि वर विचारतो काय, याचं नाव काय लिहू? मी म्हटलं, काही लिहू नका, ते निनावीच असतं. भीमपलास एकशे सत्तावीस होऊन बसला होता, तो आम्ही वर पहिल्या क्रमांकावर सरकवला, म्हणजे तू परत शेवटी. बारा वाजता पडद्यावर आलं, झालं म्हणून. सत्यवतीगारूंनी देवापुढे नारळ फोडला. प्लेअरपुढेच फोडणार होत्या, मी अडवलं.

तीन वाजता मी प्लेअर इंदुताईच्या हातात दिला. चौथा दिवस होता ती माझ्याशी न बोलण्याचा. मी उठून निघाले तर म्हणाली, "बस. आणि ते कानातलं नको, मोठ्याने ऐकू." मी छोटा स्पीकर लावला. सत्यवतीगारू दारात उभ्या.

आधी भीमपलास. पहिल्या सुरालाच तिची मान वळली. दोन मिनिटं तिला कळेना कोण गातंय, आणि मला म्हणते, "बाई तयार आहे हं. पण निषाद जरा घाईचा." मग थांबली. मग हसायला लागली. आणि विसाव्या मिनिटाला ते पोरगं ओरडलं, "आई, शू!" कुलदीप, ती अशी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं तर माझ्या हातातून घेतलं तिने. एवढं मला पुरे आहे.

गाणं संपल्यावर तिचा अंगठा फिरला, शेवटाकडे.

"आई, मी कुलदीप. मधलं मोठं बटण दाबलं की गाणं सुरू. चाक उजवीकडे फिरवलं की आवाज मोठा..."

शब्दाला शब्द तेच म्हटलंस तू. कसं लक्षात राहिलं रे तुला? "काही बिघडलं तर घाबरू नकोस" नंतर जरा थांबलास. मग "मी आहे, आई."

तिने परत लावलं. परत ऐकलं. डोळे मिटलेले, एक बोट मांडीवर, शिष्येची परीक्षा घेताना असायचं तसं.

"आवाज जाड झालाय," ती म्हणाली. "आणि पूर्वी एकदाच आई म्हणाला होता. आता दोनदा म्हणाला."

मी रजिस्टर उघडलं, क्रमांक १२७ पुढची खूण करायला. निनावी खोडायचं का, तिला विचारलं. म्हणाली, "राहू दे तसंच. मला माहिती आहे ना."

मग मी विचारलं, कुलदीपला काही कळवायचंय का? या प्लेअरमध्ये आत जातं, बाहेर काही येत नाही, म्हणून मीच लिहीन. ती बराच वेळ चाकावरून अंगठा फिरवत राहिली. चाक फिरतं तसा प्लेअर टिकटिक आवाज करतो, तेवढाच खोलीत होता.

"त्याला लिही," ती म्हणाली, "मी चुकले. असंच लिही, गोड करू नकोस. आणि लिही, तो आला तर वेळ बघायची गरज नाही. तीन वाजता दार वाजवलं तरी चालेल."

मावशी